काळ्या पट्ट्याची टोपली

मित्रांनो, बांबूच्या कामट्यांची एक म्हातारी टोपली तुमच्याशी बोलते आहे. माझे बूड अरुंद आणि तोंड ऐसपैस. शाळेत जाणारी मुले मला 'शंकूछेद' म्हणतात. शंकूचे टोक कापून तो उलटा ठेवला की मी होते, म्हणे. माझे टोक कोणी कापले ते मला आठवत नाही. खरे सांगायचे तर स्वतःबद्दलच्या बऱ्याच गोष्टी मला कळलेल्या नाहीत, आणि त्यातल्या एकीचा सल अजून मनात आहे.

मला काम्वेंडोमामाने विणले. त्याची बहीण नाफिरी. तिला दोन मुली, थोरली एनिफा आणि धाकटी झिओने. दोघींचे नवरे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासुरवाडीला येऊन राहिलेले आणि शेवटचा शब्द मामाचा. "माझ्यामागं पोरी भांडायला नकोत," असे म्हणून नाफिरीने भावाकडून माझ्या अंगावर मधोमध काळा पट्टा घालून घेतला. बुडापासून पट्ट्यापर्यंत एक वीत, पट्ट्यापासून काठापर्यंत एक वीत. अख्खे गाव मला बघायला आले आणि मी अगदी हुरळून गेले.

नाफिरी होती तोवर सगळ्यांची मक्याच्या पिठाची न्सिमा एकाच चुलीवर रटरटायची, त्यामुळे पट्ट्याला काही काम नव्हते. ती गेली आणि चुली दोन झाल्या, पण मक्याचे कोठार एकच राहिले. दर बाजाराच्या दिवशी मला काठोकाठ भरून वरून हात फिरवत. मग झिओने पट्ट्यापर्यंतचा मका आपल्या सुपात उपसून घेई आणि खाली उरलेला एनिफा माझ्यासकट घरी नेई. थोरल्याने तळाचे खावे, असे एनिफाच म्हणे. कोठाराच्या दाराची दोरीही थोरली म्हणून तिच्याच कमरेला असे.

पुढे पाऊस लागला. नवे कणीस यायला अवकाश होता. एनिफाच्या घरी भोपळ्याचा पाला नुसताच शिजू लागला आणि झिओनेकडे दुपारचीही न्सिमा होत होती. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? कोणी म्हणाले, एनिफाच्या हाताला भोके आहेत. कोणी म्हणाले, ती चोरून दारू गाळते. एक दिवस तिची पोरे मावशीच्या चुलीशी जाऊन बसली, तर झिओनेने त्यांना उठवले आणि त्यांच्यामागोमाग स्वतः आली.

"ताई, निम्मं तुला, निम्मं मला. मग तुझी पोरं माझ्या दारात का गं?"

एनिफाने पोरांना आत ओढून घेतले. मी गळते की काय, या शंकेने मी माझी वीण न् वीण चाचपली. एकही भोक सापडले नाही.

प्रकरण मामाकडे गेले. आंब्याखाली सगळ्यांसमोर त्याने माझ्यावर वीत लावली. खाली एक, वर एक.

"टोपली खोटं बोलत नाही, पोरी," तो म्हणाला. "तुलाच पुरवून खाता येत नाही. दोरी झिओनेला दे."

एनिफाने दोरी सोडून दिली. त्या दिवसापासून दोघी बहिणी एका उखळात समोरासमोर कांडेनाशा झाल्या. मला फार वाईट वाटले, पण चूक कोणाची हेच मला समजेना.

मग एका बाजाराच्या दिवशी झिओनेचा तळहात भाजला आणि तिला मुसळ धरवेना. तिने ताईला निरोप धाडला. आपलाही मका कांडायचा होता म्हणून एनिफा मला घेऊनच आली. तिने आधी माझ्यातला आपला वाटा उखळात ओतला. उखळ एकदा भरले. तो कांडून झाल्यावर तिने झिओनेचा वाटा घेतला. उखळ एकदा भरले, रिकामे झाले आणि पुन्हा जवळजवळ काठापर्यंत भरले. एनिफाच्या हातातले मुसळ थांबले.

तिने हाक मारली तशी झिओने धावत आली. "ताई, मी चोरलं नाही गं," ती घाबरून म्हणाली.

"मी कुठं तसं म्हणते?"

दोघींनी कोठारातून मका आणून मला पुन्हा भरले. वरचा चटईवर एकीकडे ओतला, पट्ट्याखालचा दुसरीकडे. दोन ढीग पहिल्यांदाच शेजारी शेजारी आले. एक ढीग दुसऱ्याच्या दुप्पट होता. झिओनेने दोन्ही ढिगांवरून हात फिरवला.

"तुझी पोरं उपाशी होती, ताई," ती म्हणाली, "आणि मी त्यांना उठवलं."

मामाने येऊन पुन्हा वीत लावली. खाली एक, वर एक. त्याने मला फिरवून पाहिले, आत डोकावून पाहिले. शेवटी तो उठला आणि सगळ्यांसमोर त्याने दोरी एनिफाच्या हातात दिली. तेव्हापासून मका चटईवर ओतून भोपळ्याच्या तुंब्याने वाटतात. एनिफाची पोरे आली की झिओने आधी त्यांना वाढते.

आता माझे बूड कुजले आहे. मी अंगणात उपडी पडून कोंबडीची पिल्ले झाकते. सगळी पिल्ले पट्ट्याखालीच मावतात, वर कोंबडीच्या मानेपुरती जागा उरते. म्हातारा मामा येता-जाता अजून वीत लावून बघतो. त्याला कळत नाही आणि मलाही कळत नाही.

मित्रांनो, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळले तर आम्हा दोघांना सांगा. पण एखादीची चूल लवकर विझली म्हणून तिला उधळी म्हणण्याआधी, तेवढे दोन्ही ढीग शेजारी ओतून बघा.