शीतलबाबांचं तेल आणि अक्काची पाठ

अक्काच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता आणि आतल्या खोलीत, अर्धांगाने आडवी झालेली अक्का प्रदर्शनात मांडल्यासारखी पडली होती. इतके महिने अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर पडून पडून होणाऱ्या जखमेचा एक लाल डाग नाही, हा म्हणे शीतलबाबांच्या तेलाचा चमत्कार. तो पाहायला अख्खी गल्ली लोटली होती.

गर्दीतून वाट काढत एक नर्स आत शिरली, तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. ती अक्काची धाकटी बहीण. उभा जन्म तिने रुग्णालयात लोकांच्या जखमा धुण्यात घालवला होता. लग्न केलं नाही, आईवडील केव्हाच गेले. हक्काने 'अगं' म्हणणारं अक्का हे एकच माणूस उरलं होतं. बाबांना नावं ठेवते म्हणून अक्काच्या मुलाने, तिच्या भाच्याने, तिचं येणं बंद केलं होतं. आज दार सगळ्यांनाच उघडं होतं, म्हणून ती आली.

बाबांचा प्रयोग रंगात आला होता. एका गोऱ्यापान शिष्याने लाकडी फळीवर बराच वेळ कोपर टेकवलं होतं. त्याने हात उचलला, तर कोपर लालभडक.

"ही शरीरातली आग," बाबा डोळे मिटून म्हणाले. "घटकाभरात याची ही गत. या आईची आग मात्र आमचं तेल पिऊन टाकतं."

अक्काला कुशीवर वळवून तिचा काळा, तेलाने चकचकणारा कंबरेचा भाग दाखवण्यात आला. लाली नाही. माना डोलल्या. अक्का कण्हत म्हणाली, "जळतंय." बाबांकडे त्याचंही उत्तर तयार होतं: जळतंय म्हणजे तेल लागू पडतंय. जळलं नसतं, तर तेल मुरलं म्हणाले असते. गडी दोन्हीकडून जिंकणारा होता.

धाकटी गोरी, अक्का काळी. लहानपणी दोघी उन्हातून आल्या की हिचे गाल लाल दिसत आणि आई हिलाच जवळ घेई. पुढे रुग्णालयातही तेच. लाल दिसलं तर कळवा, असं शिकवत आणि पुस्तकातल्या चित्रांतली सगळी अंगं गोरी. काळ्या माणसाची जखम फुटेपर्यंत कुणाला पत्ता नसे. यावरून ती वर्षानुवर्षं भांडली. रुग्णालयातल्या जेवणाच्या टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामीच राही.

ती भाच्याला म्हणाली, "तूही फळीवर कोपर टेकव. तेल न लावता."

भाचा रंगाने आईवर गेलेला. मावशीला खोटं पाडायच्या हौसेने त्याने कोपर दाबून धरलं. मग उचललं. लाली दिसेना.

"याला तर तेल लावलंच नाही," मागून कुणीतरी म्हणालं. मुलाला आईचं पुण्य लागतं, असं बाबा सांगू लागले, पण या वेळी माना डोलल्या नाहीत.

"रक्त याच्याही कातडीखाली जमतं," नर्स म्हणाली. "गडद कातडीवर ते लाल दिसत नाही, एवढंच. हात लावून बघ."

तिने भाच्याच्या हाताची मागची बाजू आधी अक्काच्या पाठीला आणि मग कंबरेला लावली. त्याचा चेहरा उतरला.

"इथे गरम आहे," तो म्हणाला. "आणि आत टणक लागतंय."

मग खिडकीच्या उजेडात सगळ्यांना दिसलं. तेवढीच जागा भोवतीपेक्षा जास्त काळी, जांभळट होती. तेलाच्या चकाकीत ती लपून गेली होती. बाबा बाटली उचलून निघाले आणि गर्दीही पांगली. नर्सचं चुकलं होतं असं कुणी म्हणालं नाही, तशी तिची विचारपूसही कुणी केली नाही.

डॉक्टर आले, औषध सुरू झालं, कूस बदलायच्या पाळ्या लागल्या. तरी जखम फुटलीच. उशीर झाला होता. ती भरेपर्यंत धाकटी रोज येऊन पट्टी बांधत राहिली.

एकदा पट्टी बांधताना भाचा हळूच म्हणाला, "मावशी, आई रोज सांगत होती गं, जळतंय म्हणून. मी बाबांना विचारायचो."

"आता तिला विचारत जा," मावशी म्हणाली. "आणि डोळ्यांना दिसत नाही म्हणून नाहीच, असं मानू नकोस. हात लावून बघ."