एका 'आणि'ने अडवलेला ट्रेलर

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. गहू वाहणारा नव्हे, माणसांना राहायचा. माझ्या पोटात दोन पलंग आहेत, गॅसची शेगडी आहे, घडी घालता येणारे टेबल आहे आणि चार खिडक्या आहेत. मला स्वतःचे इंजिन मात्र नाही. कुणीतरी पुढे गाडी जोडून ओढले, तरच मी चालतो. म्हणून वाट पाहण्याची मला जन्मापासून सवय. पण मागच्या वर्षीच्या सुगीत मी जी वाट पाहिली, तिने माझा जीव अगदी मेटाकुटीला आणला. तीच हकिगत आज तुम्हांला सांगतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका कारखान्यात झाला. तिथे लाकडाचा सांगाडा उभा करून माझ्यावर पत्रा चढवला, बाजूने एक तपकिरी पट्टा ओढला आणि मला नॉर्थ डकोटाला पाठवून दिले. तिथे ड्वेन कुबिक आणि त्याची बायको लव्होन यांनी मला कोरा करकरीत विकत घेतला. लव्होनने माझ्या खिडक्यांना नारिंगी चौकड्यांचे पडदे स्वतः शिवले. दर उन्हाळ्यात आम्ही तळ्यावर जात असू. संध्याकाळी माझ्या शेगडीवर मासे तळले जात आणि शेजारच्या ट्रेलरमधले लोक वासावर येऊन बसत. "काय छान ठेवलाय हो," असे कुणी म्हटले की लव्होन दाराची चौकट उगाच पुसून घेई. ते माझे खरे दिवस.

पुढे त्या दोघांचे बिनसले आणि ते वेगळे झाले. मी ड्वेनच्या वाट्याला आलो. त्याने मला गोठ्यामागे नेऊन उभे केले आणि तो जो गेला, तो पुन्हा फिरकला नाही. माझे एक चाक जमिनीत रुतले. छताच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी घर केले. उंदरांनी गाद्यांतला कापूस उपसला. किती हिवाळे माझ्या अंगावरून गेले, ते मी मोजायचेही सोडून दिले.

मग एके दिवशी आर्डिसबाई आल्या. आर्डिस त्वेट हे त्यांचे नाव. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर मुलांना जेवू घालून त्या निवृत्त झाल्या होत्या. उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला फटकळ. त्यांनी माझ्या चाकाला एक लाथ घातली, शेगडीचे झाकण उचलले आणि आत वाकून वास घेतला.

"उंदीर आहेत," त्या म्हणाल्या.

"होते," ड्वेन म्हणाला.

"आहेत."

ड्वेन किमतीत थोडा खाली उतरला. माझ्या मालकीच्या कागदावर सही करून त्याने तो त्यांच्या हातात दिला आणि मला त्यांच्या अंगणात सोडून आला.

आर्डिसबाईंना हौस नव्हती मित्रांनो, निकड होती. त्यांचा धाकटा भाऊ ऑर्विल त्यांच्याजवळच राहत असे. त्याच्या घशाला कॅन्सर झाला होता. दूरच्या फार्गो शहरातल्या इस्पितळात त्याला रोज किरणांचा उपचार घ्यायला जावे लागे. पहाटे निघायचे, काही मिनिटे यंत्राखाली निजायचे आणि उन्हातान्हातून परतायचे. परतीच्या वाटेवर ऑर्विल मांडीवर बादली घेऊन बसे. शहरात खोली घेऊन राहणे परवडणारे नव्हते. पण इस्पितळाच्या मागच्या आवारात रोग्यांच्या माणसांना ट्रेलर लावायची मुभा होती. अट एकच, ट्रेलरला राज्याची रीतसर नंबर प्लेट हवी.

"प्लेटचं काय, उद्या घेऊन येते," आर्डिसबाई म्हणाल्या. त्यांनी मला घासून पुसून लख्ख केले, गाद्यांत नवा कापूस भरला आणि दुसऱ्या दिवशी त्या कागद घेऊन गाड्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात गेल्या.

परत आल्या त्या रिकाम्या हातांनी.

"वजन लिहिलेलं नाही म्हणे कागदावर," त्यांनी पायरीवर बसलेल्या ऑर्विलला सांगितले. "वजनावर फी ठरते. वजन करून आणा, मग बघू."

मला काट्यावर नेण्यापुरता एक तात्पुरता परवाना त्यांना मिळाला होता. तो गावाबाहेर चालणार नव्हता. आमच्याकडे मोठा काटा एकच, गव्हाच्या कोठारावरचा. तेव्हा कापणी ऐन भरात होती. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि त्या रांगेत मी, पोटात गव्हाचा दाणाही नसलेला. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"आर्डिसबाई, यंदा पीक काय घेतलंत?"

"उंदीर," त्या म्हणाल्या. "लवकर तोल आणि चिठ्ठी दे."

वजनाची चिठ्ठी घेऊन त्या पुन्हा ऑफिसात गेल्या. या वेळी निघाले की कारखान्यात माझ्या लोखंडी दांडीवर ठोकलेला नंबर पोलिसाने डोळ्यांनी पाहून लिहून द्यायला हवा. पोलीस आज येतो म्हणाला, उद्या येतो म्हणाला. आला तेव्हा दांडीवर गंजाचा थर. त्याने चाकूने खरवडले, गुडघे टेकून पाहिले आणि म्हणाला, "हा आठ असेल किंवा मग बी अक्षर असेल."

"कागदावर काय आहे?" आर्डिसबाईंनी विचारले.

"आठ."

"मग आठच असेल की."

"कागदावर पाहून लिहायचं नसतं बाई. इथं दिसलं पाहिजे."

आर्डिसबाईंनी घरातून भांडी घासायची तारेची घासणी आणली आणि मातीत बसून माझी दांडी घासू लागल्या. इतकी घासली की लोखंड चमकायला लागले. आठच निघाला.

तिसऱ्या खेपेला कराचा घोळ निघाला. मी इतक्या कमी किमतीत विकला गेलो, हे ऑफिसला पटेना. त्यांच्या हिशेबाने माझी किंमत जास्त होती, म्हणून करही जास्त. शिवाय मधल्या वर्षांची फी कुणी भरली नव्हती. तीही दंडासकट हवी.

खिडकीपलीकडे ट्रूडी नावाची बाई बसे. लहानपणी ती आर्डिसबाईंच्या हातचे जेवून वाढली होती. आर्डिसबाईंनी तो संवाद घरी येऊन ऑर्विलला जसाच्या तसा ऐकवला.

"मी म्हटलं, ट्रूडी, तो गोठ्यामागे उभा होता. उभ्या गाडीची कसली फी? तर म्हणते, उभा होता याचा पुरावा आणा. मी म्हटलं, गांधीलमाश्या आणू का साक्षीला? तर म्हणते, आर्डिसबाई, माझ्यावर का चिडता, नियम मी केलेत का? एवढंसं होतं ते कार्टं, मटार ताटाखाली लपवायचं."

ऑर्विल हसला. हसताना त्याला दुखले. एव्हाना त्याच्या मानेची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती आणि आवाज बसून नुसती कुजबुज उरली होती.

आर्डिसबाईंनी कर भरला, फी भरली, दंडही भरला. कागद राज्याच्या राजधानीला रवाना झाले. प्लेट टपालाने येणार होती. त्या रोज टपालपेटी उघडून पाहत. एक दिवस जाड पाकीट आले. तेच कागद परत आले होते.

माझ्या मालकीच्या कागदावर दोन नावे होती, ड्वेन आणि लव्होन. त्यांच्यामध्ये 'किंवा' असते तर एकट्या ड्वेनची सही पुरली असती. पण तिथे 'आणि' होते. लव्होनची सही नाही, म्हणून मला विकायचा ड्वेनला अधिकारच नव्हता. कायद्याच्या दृष्टीने मी अजून त्या मोडलेल्या संसारातच अडकून पडलो होतो.

आर्डिसबाई पाकीट घेऊन तडक ऑफिसात गेल्या. प्लेट आज येईल या आशेने त्यांनी मला पिकअपला जोडून ठेवले होते; रागाच्या भरात सोडायचेही त्यांना सुचले नाही, मला घेऊनच गेल्या. माझ्या खिडकीतून मला सारे ऐकू आले, कारण ट्रूडी त्यांच्यामागे दारापर्यंत आली होती.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी मी वजनापाशीच थांबले, आर्डिसबाई. एक गोष्ट अडली की आम्ही पुढचं बघत नाही."

"का बघत नाही?"

ट्रूडीचे डोळे भरून आले होते. आर्डिसबाई गाडीत बसल्या. मी मागून हेलकावे खात होतो. मला स्वतःचीच चीड आली होती. माझी चाके शाबूत, छत शाबूत, दिवे लागत होते, आणि तरीही मी एका शब्दामुळे कुचकामी ठरलो होतो.

घरी ऑर्विल माझी वाट अडवल्यासारखा अंगणात उभा होता.

"आर्डी, उद्यापासून मी जाणार नाही."

"काय?"

"बास झालं. गाडीत बसलं की आतडी पिळवटून येतात. उपचारानं मरत नाही, रस्त्यानं मरतोय."

"अर्ध्यात सोडलं तर सगळं फुकट जाईल, डॉक्टर म्हणालेत."

"जाऊ दे."

तो घरात गेला. आर्डिसबाई माझ्या पायरीवर बसून राहिल्या. मग त्यांनी ड्वेनला फोन करून लव्होनचा नंबर घेतला आणि तिथूनच तिला फोन लावला. सगळे सांगितले. पलीकडून एकच शब्द आला असावा. आर्डिसबाईंनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नाही म्हणते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑर्विलला जवळजवळ ओढूनच गाडीत बसवले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तो त्यांच्याशी बोलत नव्हता.

रविवारी दुपारी एक छोटी निळी गाडी अंगणात आली. त्यातून एक पिकल्या केसांची बाई उतरली आणि सरळ माझ्याकडे चालत आली. तिने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवले. मी तिला तेव्हा ओळखले.

"सही करायला आलेली नाही," लव्होन म्हणाली. "फक्त बघायला आले."

आर्डिसबाईंनी तिला आत बसवून कॉफी दिली, रूबार्ब नावाच्या आंबट देठांच्या गोड वड्या पुढे ठेवल्या. लव्होन खिडकीपाशी बसली. पडदे विटले होते, पण तेच होते.

"कोर्टात त्यानं हा ट्रेलर मागून घेतला," ती म्हणाली. "घर मागितलं नाही, जमिनीवरून भांडला नाही, हाच मागितला. वापरायला नव्हे हो. मला मिळू नये म्हणून. आणि नेऊन टाकला गोठ्यामागे. तेव्हा माझी सही कुणाला लागली नाही. आता लागते."

मित्रांनो, मी इतकी वर्षे असे समजत होतो की माझ्यातच काही खोट आली, म्हणून मला टाकून दिले. मला मागून घेणाऱ्या ड्वेनला मी मुळात नकोच होतो, हे त्या दिवशी मला कळले.

तेवढ्यात दार उघडून ऑर्विल आत आला. कॉफीच्या वासावर आला असेल, पण त्याला गिळता येत नव्हते. तो पलंगाच्या कडेवर बसला. लव्होन त्याच्या मानेकडे पाहत राहिली.

"दुखतं का फार?" तिने विचारले.

"पाणी पिताना," तो कुजबुजला. "बाकी वेळ बहीण बोलते, ते दुखतं."

आर्डिसबाईंनी कागद टेबलावर ठेवला नाही की विषय काढला नाही. लव्होननेच हात पुढे केला. "कुठं करायची?"

सही करून तिने पेन ठेवले. "ड्वेनला सांगा, ही त्याच्यासाठी नाही."

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी सुटलो असतो," ऑर्विल म्हणाला. "आता जावं लागणार."

"मग जा," लव्होन म्हणाली.

यानंतरही प्लेट यायला वेळ लागलाच. पण या वेळी ट्रूडीने कागद राजधानीला पाठवण्याआधी सगळी पाने शेवटपर्यंत तपासली आणि प्लेट आली तेव्हा स्वतः घरी आणून दिली. मालकीच्या नव्या कागदावर भावाचेही नाव घालायचे का, असे तिने आधी विचारले होते. नावांमध्ये 'आणि' की 'किंवा', असेही विचारले होते. त्यावर आर्डिसबाईंनी तिच्याकडे असे काही पाहिले की तिने मुकाट्याने 'किंवा' लिहिले.

पहिले बर्फ पडायच्या आत आम्ही फार्गोला पोहोचलो. रखवालदाराने वाकून माझी प्लेट पाहिली आणि आत सोडले. इस्पितळाचे मागचे दार माझ्या दारासमोरच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उपचाराची वेळ होत आली, तरी ऑर्विल माझ्या पलंगावर गाढ झोपलेला होता. आर्डिसबाईंनी त्याला हाक मारली नाही. कितीतरी आठवड्यांनी त्याला घाई नव्हती. उरलेले उपचार त्याने चालत जाऊन घेतले.

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे नुसती पुसून ठेवायची नव्हे. तिच्याशी नाते संपले असेल, तर नीट संपवा. सही करा, फी भरा, कागद पुढच्याच्या हाती पुरे द्या. रागाने कुठे मागे नेऊन टाकू नका. कुणीतरी बादली मांडीवर घेऊन तिची वाट पाहत असू शकते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या फीचे बिल पुन्हा आले. या वेळी ऑर्विल स्वतः ऑफिसात गेला. रांगेत बराच उभा राहिला असावा, कारण परत आला तो त्या घोगऱ्या आवाजात पुटपुटतच. सरकारला, ट्रूडीला, फीला, सगळ्यांना त्याने नावे ठेवली. मग खिशातून फी भरल्याचा एक चिमुकला चौकोनी कागद काढला, त्याची मागची पट्टी सोलली आणि माझ्या प्लेटच्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबून चिकटवला.

"कधीपर्यंतचा आहे?" आर्डिसबाईंनी खिडकीतून विचारले.

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा," तो म्हणाला, आणि सुटू नये म्हणून त्याने अंगठा आणखी थोडा वेळ तसाच दाबून ठेवला.