हिरवळीवरून सत्तर मीटर

शिरगावातल्या आमच्या बागेत चालायचा रस्ता चक्क गोल आहे, आणि त्या गोलावर दोन हट्टी बायका आठवडाभर एकमेकींना टाळत होत्या. एक मी, कुमुदिनी, नववी-दहावीच्या शिकवण्या घेणारी. दुसरी अंजनी, मूळची इथल्याच गावातली, माझी फुगडीतली जोडीदारीण.

श्रावणात सोसायटीच्या मंगळागौरीला शेवटची फुगडी आमचीच असते. यंदा अंजनीने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कुमुदचा गुडघा आता फुगडीचा नाय राहिला. आमच्या जागी प्रगतीची जोडी घ्या." गुडघा माझा आणि निकाल देणारी ही कोण! माझं डोकंच फिरलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

पण सकाळचं चालणं कोण सोडणार? ती फाटकाजवळ दिसली की मी बरोबर समोरच्या टोकाला, कडुलिंबाखाली. दोघी एकाच दिशेने, एकाच वेगाने. ती बुटाची नाडी बांधायला थांबली की मीही उगाच ओढणी सारखी करत थांबायची. मधे हिरवळ आणि तिच्यात पाटी: गवतावर चालू नये.

गुरुवारी वर्गात अंतर आणि विस्थापन शिकवायचं होतं. फळ्यावर बागच काढली. "व्यास सत्तर मीटर. अर्धी फेरी मारली तर पाय एकशे दहा मीटर चालले, हे अंतर. पण निघालो तिथून पोचलो तिथवर सरळ रेघ ओढा. सत्तर. हे विस्थापन. पूर्ण फेरी मारली तर अंतर दोनशे वीस आणि विस्थापन शून्य. घाम गाळला, पोचलो कुठेच नाही."

पोरं हसली. नकळत मी वर्तुळावर समोरासमोर दोन ठिपके काढले. रुचिकाने विचारलं, "मॅडम, हे दोघं सेम डायरेक्शनला, सेम स्पीडने चालले तर भेटणार कधी?"

"कधीच नाही," मी ऐटीत म्हटलं, आणि खडू हातातच राहिला. अंजनीची फार आठवण आली मला. दुनियेला शिकवणारी मी, आठवडाभर शून्यच कमावत होते.

शुक्रवारी सकाळी अंजनी नाडी बांधायला वाकली. मी सवयीने ओढणीला हात घातला, आणि मग सरळ हिरवळीत शिरले. गवत ओलं, बुटांत पाणी. रखवालदार शिट्टी फुंकत ओरडला, "ओ मावशी! पाटी दिसत नाही काय?"

"सत्तर मीटरच आहे रे बाबा!"

अंजनी जागची हलली नाही. मी पोचले तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"माझा गुडघा ठणठणीत आहे," मी धापा टाकत म्हटलं.

"माहीत हाय गो. गेल्या वर्षी फुगडीत तू पडलीस ना, ती गुडघ्यामुळं नाय. माझा हात सुटला. बोटांत जोरच नाय राहिला आता. सगळ्यांसमोर कशी सांगू? म्हणून ढकललं तुझ्या गुडघ्यावर."

राग यायला हवा होता. आलाही, क्षणभर. मग हसूच फुटलं. "अगं वेडे, बोटं नको धरूस. मनगटं धर. मी तुझी धरते."

तिला गवतात ओढलं. रखवालदार येईपर्यंत आम्ही फिरू लागलो होतो. कडुलिंब, पाटी, त्याची शिट्टी, सगळं गरगरलं. थांबलो तेव्हा पायांखाली तेच गवत होतं. विस्थापन शून्य. अंजनीने माझी मनगटं अजून सोडली नव्हती.