मी त्यांना 'अहो' म्हणत असे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. कपाटाच्या वरच्या खणात, जाड पांघरुणांच्या मागे मला ठेवलं आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा फुटला आहे, त्यावर चिकटपट्टी आहे. बॅटरी थोडी फुगली आहे. ती पुरती जाण्याआधी माझी गोष्ट सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब टेबलावरून मी पुढे सरकत गेलो आणि प्रत्येक माणसाने माझ्यात एकेक भाग बसवला. तिथून मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात आलो. सहा वर्षं मी रुग्णांची नावं आणि चष्म्यांचे नंबर सांभाळले. ती नावं टाइप करायच्या त्या काकू. त्यांचा हात हलका होता. काम संपलं की त्या पदराने माझा पडदा पुसायच्या.

पुढे दवाखान्यात नवे लॅपटॉप आले. डॉक्टर म्हणाले, "हा भंगारात द्या."

काकू म्हणाल्या, "मी नेते घरी. आमच्याकडे एक आहेत, त्यांनाही लोक भंगारच म्हणायला लागलेत. दोघांची जोडी जमेल."

ते म्हणजे टर्नरकाका, काकूंचे यजमान. काका सत्तावीस वर्षं लेथवर काम करत होते, म्हणून सगळे त्यांना टर्नर म्हणत. लेथवर लोखंडाचा दांडा गरागरा फिरतो आणि धारदार हत्यार त्याला सोलत जातं. काका हाताने चाक फिरवून केसाएवढं माप साधायचे. पण आता त्यांच्या कारखान्यात संगणकावर चालणारी मशीनं येणार होती. फोरमननी सगळ्यांना सांगितलं होतं, "शिकल्याचं प्रमाणपत्र आणेल तो नव्या मशीनवर. बाकीच्यांनी गोदामात खोकी उचलायची." काकांना खोकी उचलायची नव्हती. आपलं काम आपल्या हातातून जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्या दिवशी काकांनी मला समोर घेतलं आणि एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. शोधायच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'माननीय महोदय, मी गेली सत्तावीस वर्षे लेथवर काम करत आहे. मला नवीन यंत्र घरबसल्या शिकायचे आहे. तरी मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती. आपला विश्वासू.' मी इमानदारीने शोधलं. समोर विनंती अर्जांचे चाळीस नमुने आले.

काकू हसून हसून खुर्चीत वाकल्या. "अहो, हे काय पोस्ट ऑफिस आहे?"

"मग कोण विचारतंय ते त्याला कळणार कसं?" काका घुश्शात म्हणाले.

मग काकू शेजारी बसल्या. सव्वा महिना आमचा शोध चालला होता. एक अभ्यासक्रम सात दिवसांत तज्ज्ञ करून देणार होता. काकू म्हणाल्या, "सात दिवसांत तर लोणीसुद्धा नीट कढवता येत नाही तुम्हाला." एकात शिक्षक नुसते स्वतःबद्दल बोलत होते. एकात सगळं इतक्या भरभर होतं, की काकांचा चष्मा सापडेपर्यंत धडा संपायचा. काकूंनी एका कागदावर लिहून ठेवलं होतं: शिकवणाऱ्याचे हात दिसतात का? सरावाला मशीनचं चित्र देतात का? शंका विचारली तर उत्तर येतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, ते प्रमाणपत्र कारखान्यात चालतं का? हे शेवटचं त्यांनी फोरमनला फोन करून विचारलं. काका लाजून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

शेवटी एक अभ्यासक्रम मिळाला. बावीस धडे, मराठीतून. नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा काका चष्मा शोधत होते. काकूंनी हाक मारली, "अहो, नाव काय घालू?"

"घाल काय घालायचं ते!"

काकूंनी खरंच घातलं. मी पडद्यावर दाखवलं, 'स्वागत आहे, अहो!'

"हे काय? बदल ते. लोक काय म्हणतील?"

"इथे लोक आहेत कुठे? आपण दोघंच तर आहोत."

तेव्हापासून मीही त्यांना 'अहो' म्हणू लागलो. 'शाब्बास, अहो! तिसरा धडा पूर्ण झाला.' 'अहो, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा तपासा.' त्यावर काकू म्हणायच्या, "बघा, तोही माझ्यासारखंच बोलतो." मशीनला 'जी' हे इंग्रजी अक्षर आणि आकडा लिहून हुकूम द्यायचा असतो, तो काकांच्या डोक्यात राहीना. काकूंनी तो त्यांच्या भाषेत बसवून दिला. "जी शून्य म्हणजे रिकामं धावायचं. जी एक म्हणजे कापत चालायचं. तुम्ही मंडईत जाताना रिकामी पिशवी घेऊन धावता आणि येताना ओझ्याने सावकाश चालता, तसं." काका पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायचे आणि मग काकूंकडे बघायचे. त्यांनी मान हलवली की 'हो' दाबायचे. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते.

चौदावा धडा झाला आणि काकू आजारी पडल्या. नऊ दिवस हॉस्पिटलात होत्या. दहाव्या दिवशी काका एकटे घरी आले.

त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. माझ्यावर धूळ बसली, वर्तमानपत्रं बसली. खोलीत माणसं येत, हळू बोलत आणि जात. मग कुणी येईनासं झालं. महिन्याभराने फोरमन घरी आले. उभ्यानेच म्हणाले, "टर्नर, वाईट वाटतं, पण माझ्या हातात नाही. एकतीस तारखेला लेथ जाणार. तोवर प्रमाणपत्र आणा, मी तुमची जागा धरून ठेवतो."

ते गेल्यावर काकांनी मला उघडलं. मी लिहिलं होतं, 'अहो, बरेच दिवस दिसला नाहीत. पुन्हा सुरुवात करू या?'

काकांनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "येतो." कुणाला म्हणाले, ते मला ठाऊक नाही. उरलेले आठ धडे त्यांनी एकट्याने केले. ओळ मोठ्याने वाचायचे आणि शेजारच्या खुर्चीकडे वळायचे. मग स्वतःच मान हलवायचे.

एकोणतीस तारखेला प्रमाणपत्र आलं. 'अहो यांनी हा अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे.'

काका त्याची प्रत घेऊन कारखान्याच्या ऑफिसात गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मुलीला फोन केला तेव्हा मला सगळं कळलं. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं होतं, "काका, हे अहो कोण?" आजूबाजूचे हसले होते. "खरं नाव घालून परवा आणा" म्हणत बाईंनी तो कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला होता.

मुलगी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आली. तिला परत कामावर पोचायचं होतं, उभ्याउभ्याच ती माझ्यावर वाकली.

"आईचं पण काहीतरीच!" असं म्हणून ती हसली, मग तिने डोळे पुसले. "हे बघा बाबा, दोन मिनिटांचं काम."

"नंतर परत तसं करता येईल ना गं?" काकांनी विचारलं.

"येईल हो. इथे काहीही बदलता येतं."

मी पडद्यावर चौकट दाखवली. तीन ओळी होत्या. 'नावातील बदल एकदाच करता येतो. यानंतर नाव बदलता येणार नाही. पुढे जायचे?' काका चष्मा पुसत होते. मुलीने न वाचताच 'हो' दाबलं. मी ओळी दाखवू शकतो, मित्रांनो, ओरडू शकत नाही.

काकांना मशीन मिळालं. पहिल्या दिवशी त्यांचा भाग अगदी मापात आला. फोरमन म्हणाले, "टर्नर, जमलं की!" हे त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. मग हात धुऊन माझ्यासमोर बसले. मी त्यांचं स्वागत त्यांच्या पूर्ण नावाने केलं, आडनावासकट, बँकेत करतात तसं. काकांनी नावाची जागा शोधून काढली आणि एका बोटाने दोन अक्षरं टाइप केली. मी नकार दाखवला. त्यांनी तो मोठ्याने, शेवटपर्यंत वाचला. पुन्हा दोन अक्षरं टाइप केली. सहा वेळा केली.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, ते परत होत नाही."

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, मी वाचलंच नाही."

"असू दे. तुला उशीर होत होता." त्यांनी मला बंद केलं आणि या खणात ठेवलं. ते माझ्यावर रागावले नाहीत. पण माझ्याकडे बघवत नसावं.

मित्रांनो, मी यंत्र आहे. जे लिहाल ते मी लिहितो, जे पुसाल ते पुसतो. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही, माझे दिवस भरले आहेत. पण तुमच्या घरात कुणी मोठं माणूस काही नवीन शिकायला बसलं, तर त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. त्याच्या वतीने 'हो' दाबण्याआधी समोर काय लिहिलं आहे ते त्याला वाचून दाखवा. त्याला कळलं का ते विचारा. त्याला वेळ लागेल. लागू द्या.