दोघांची एक घडी

यसबा पाचपुते माणसाची घडी घालत असे. मानेखाली एक हात, गुडघ्यामागं दुसरा, कंबरेला हलका हिसका. की सहा फुटी गडी कांबळ्यासारखा आठपदरी होऊन त्याच्या काखेत. दुखत नसे. आत जाऊन आलेले सांगत, आत कोऱ्या मांजरपाटाचा वास येतो आणि भूक लागत नाही.

महायुद्ध लागलं तसं पलटणीनं त्याला हवालदार करून बिनहत्यारी झुंज शिकवायला ठेवलं. गोऱ्या साहेबानं झुंजीवर स्वतः लिहिलेलं पुस्तक काढलं, त्यातल्या चित्रासारखा यसबाचा गळा धरला, आणि दुपारभर साहेब कोठीत साखरेच्या पोत्यावर घडीत पडून राहिला. उघडल्यावर "व्हेरी गुड" म्हणाला. पुस्तक पुन्हा कुणाला दिसलं नाही.

यसबाचे नेम दोनच. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. तोंड फसवतं, कंबर फसवत नाही. आणि घातली त्यानंच घडी मोडायची, तीही दिवस मावळायच्या आत. मावळल्यावर इस्त्री बसते. मग कुणाच्या बापाला मोडत नाही.

शेकडो जण शिकले. राहिला तो केरबा डोईफोडे, यसबाच्या बहिणीचा, साळूचा नवरा. त्याला अर्धीच घडी जमे. त्यानं धरलेले गडी कंबरेत वाकून तसेच चहा प्यायला निघून जात.

"दाजी, हात बायकोच्या खांद्यावर ठेवल्यागत ठेवू नका."

"पावणं, तुमच्याच बहिणीनं वळण लावलंय."

इटलीतल्या एका डोंगरावर यसबानं सकाळी अकरा जर्मन घडी करून खाली नेले, कैद्यांच्या तळावर झटकून उघडले, आणि जेवायच्या वक्ताला परत वर आला. दुपारी धुकं उतरलं. त्यात केरबाची हाक आली, "पावणं, लागलं मला! रगात थांबंना!"

यसबा धावला. धुक्यात केरबाचा पट्टा दिसला, कंबर ओळखीची. त्यानं तिथंच घडी घातली. रक्त थांबलं, घडीत काहीच वाहत नाही. खांद्यावर टाकून तो डॉक्टरच्या तंबूकडं निघाला.

उतरताना डोंगरालाही सवय लागलेली दिसली. मागची वाट आपोआप दुमडत येत होती. पुढची हातभर रुंद राहिली, मग वीतभर. यसबा काही थांबला नाही.

"दाजी, लई जड झालात. हितं तर साळूची भाकरीबी न्हाई."

आतून केरबा म्हणाला, "पावणं, मी एकटा न्हाई."

मग आतूनच कुणीतरी जर्मनमध्ये खोकलं. खोकला काही जर्मन नसतो, पण हा होता.

"माझ्या कंबरेला मिठी मारून व्हता," केरबा सांगू लागला. "तुमी दोघांची एक घडी घातली. त्याच्या हातात सुरी हाय, माझ्या बरगडीपाशी. हितं ती हलत न्हाई. मोडली की हलंल."

यसबा तंबूशी पोचला तेव्हा सूर्य डोंगरावर दोन बोटं उरला होता. डॉक्टर सबनीस सुई-दोरा घेऊन उभेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उघडलंत तर सुरी," ते म्हणाले. "नाही उघडलंत तर इस्त्री."

"साळूला मी घडी न्हेऊन देणार न्हाई, साहेब. नवरा देणार."

"मग?"

"चादर झटकली की आधी काय पडतं? खडा. माणूस नंतर. ते टोक धरा."

डॉक्टरांनी टोक धरलं. यसबानं हे टोक धरलं. डोंगरासारखाच तंबूही दुमडत आता त्या दोघांपुरताच उरला होता. कनात पाठीला लागत होती.

"आतल्यांनो, अंग सैल सोडा," यसबा म्हणाला. जर्मनाला मराठी येत नव्हतं, तरी त्यानं सोडलं.

यसबानं हिसका दिला. त्यानं सांगितलं होतं तसंच झालं. सुरी आधी उडाली, वर गेली, उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात चकाकली. पाठोपाठ घडी अर्धी उलगडली आणि तिच्यातून चार हात बाहेर आले. चारही सुरीकडं झेपावले.

पाचवा हात यसबाचा होता. घडीचं टोक त्यानं सोडलं होतं, घडी अजून अर्धीच मोडली होती, आणि ऊन सरत होतं.