चारशे तीन

"यात आता काही राम नाही," दादा म्हणाला. "संध्याकाळी भंगारवाला येतोय. त्याला देऊन टाकू."

तो बाबांच्या सर्व्हरबद्दल बोलत होता. दुकानाच्या मागच्या खोलीत, बॉबिनांच्या डब्यांशेजारी ठेवलेला जुना कॉम्प्युटर. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे, आणि सुई का अडते, दोरा का तुटतो, ते चित्रांसह या कॉम्प्युटरवरच्या साइटवर मांडून ठेवायचे. ते गेले आणि पाठोपाठ साइट बंद पडली. कुठलंही पान उघडा, उत्तर एकच: ४०३, परवानगी नाही.

"साइट चालू झाली तर हा मी घेऊन जाणार," मी म्हणाले.

"बघ डोकं आपटून."

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. कपडे शिवणाऱ्या एक बाई होत्या. "अहो ताई, बाबांचं पान उघडत नाही. मी मशीन खोलून बसलेय. आता हे परत बसवू कसं?"

"जरा दम धरा. आणखी काही खोलू नका."

पासवर्डचा घोळ असता तर सर्व्हरने आधी पासवर्ड मागितला असता. हा काही न विचारता हाकलत होता. मी पानांच्या फाइली तपासल्या. सर्वांना वाचायला खुल्या होत्या.

"सगळंच सताड उघडं टाक ना," दादा म्हणाला. "नेटवर सगळे तेच सांगतात."

"ते आपल्या घराला कुलूप लावत नसतील."

सर्व्हरच्या, म्हणजे पानं दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, नोंदी सांगत होत्या की तो फाइलपर्यंत पोचतच नाही. मग मी सगळ्यात वरच्या फोल्डरपासून एकेक पायरी उतरत गेले आणि बाबांच्या खाजगी फोल्डरपाशी अडले. मालकाखेरीज कोणालाही प्रवेश नाही.

"दादा, हे तू केलंस?"

"हो. आईचे फोटो आहेत त्यात, बँकेचे कागद आहेत. उद्या कोणी हात घातला म्हणजे? पण साइटला बोटही लावलं नाही मी, शपथ."

खरंच लावलं नव्हतं. आई गेली तेव्हाही त्याने असंच घरातलं एकेक कपाट बंद केलं होतं. पण बाबांनी साइट याच फोल्डरच्या पोटात थाटली होती, तसं करू नये हे ठाऊक असून. वाटच बंद झाल्यावर पुढचं पान उघडं असून काय उपयोग?

"म्हणजे आता आईचे फोटो जगाला दाखवणार?"

"नाही. फोटोंना, कागदांना वेगळं कुलूप. सर्व्हरला या फोल्डरमधून फक्त पुढे जाऊ द्यायचं. आत काय आहे, ते त्याला चाचपताही येणार नाही."

मी आधी कुलपं लावली, मग वाट मोकळी केली. पान उघडलं. बॉबिन केसच्या फोटोत बाबांचा अंगठाही आला होता, नखात तेलाची काळी रेघ. मी बाईंना फोन लावला.

"दिसलं हो!" त्या ओरडल्या. "थांबा, चालू ठेवा, स्प्रिंग बसवतेय."

दारात भंगारवाला उभा राहिला. दादा माझ्याकडे बघायला लागला. "आता याला काय सांगू? आणि हे धूड नेतेस खरी, पण तुझ्या घरी विचारलंस कोणाला?"

"नाही. विचारणारही नाही."

"बरं, मग काढ वायर. दुकान बंद करायचंय."

"बाईंचं मशीन जुळल्याशिवाय नाही."

मी खुर्ची ओढली आणि प्लगला पाठ लावून बसले.