पुडीतलं तेज

पुडीवाल्या महाराजांच्या दारात इतकी गर्दी, की चपलांची रांग रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती. गुडघा, कंबर, मान, जे दुखेल ते मंतरलेल्या जडीबुटीच्या एका पुडीत गप्प. वर्षभर जिन्याशी वैर धरून बसलेली माझी आत्या आता काम नसतानाही वर-खाली करायची आणि वरून मला हाका मारायची. तिचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. महाराज म्हणाले, हे कृपेचं तेज. अंधार आणि प्रकाश एका देहात नांदत नाहीत, असं सांगून त्यांनी तिच्या मधुमेहाच्या गोळ्याही बंद केल्या. आत्या घटाघटा पाणी पिऊ लागली, पायाला झालेली साधी जखमही भरेना.

मी मिक्सर दुरुस्त करतो. एका सकाळी महाराजांचा शिष्य अडकलेला मिक्सर ठेवून गेला. पातं काढलं, तर खाली गोळ्यांच्या चंदेरी पाकिटाचा तुकडा, त्यावर औषधाचं अर्धं नाव. म्हणजे कृपा गोळ्या दळून तयार होत होती! मला इतकं हसू फुटलं, की हातातला पाना पायावर पडला. तसाच लंगडत आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आत्याची पुडी तपासायला पाठवली. स्टेरॉइड निघालं.

"पेशीचं आवरण चरबीचं असतं," त्या आत्याला म्हणाल्या. "इजा झाली की पेशी त्यातलाच तुकडा कापून निरोप धाडते, दुखतंय, सूज आणा. हे औषध ती कात्रीच बंद पाडतं. निरोप थांबतो, झीज थांबत नाही. वर साखर वाढते आणि तोंड सुजतं."

"म्हणजे तेज नव्हे, सूज?" आत्याने आरसा मागितला.

पुढच्या सभेत अनुभव सांगायला आत्याला पुढे बोलावलं. तिने तोच मिक्सर महाराजांपुढे ठेवला.

"भाच्याने नीट करून दिलाय. आता सगळ्यांसमोर दळा. जडीबुटी मात्र आम्ही आणलीय."

महाराज म्हणाले, सिद्धी एकांतातच उतरते. आत्या खुदकन हसली. मग तिने कात्रीची गोष्ट सांगितली, आणि लोक एकमेकांचे गोल चेहरे न्याहाळू लागले. हसता हसता कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणाचा राग अनावर झाला. तेवढ्यात महाराज मागच्या दाराने पसार झाले. आमच्यासोबत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पुडी एकदम सोडाल तर जिवावर बेतेल, उद्या दवाखान्यात या, हळूहळू कमी करू. दुसऱ्या दिवशी चपलांची रांग तिकडे लागली.

आत्याची जखम आता भरली आहे. जिना ती सावकाश चढते, कठड्याला धरून. गुण आला तो औषधाचा, मंत्राचा नव्हे. म्हणून सांगतो, कुणी पुडी दिली तर आधी विचारा, यात काय आहे? उत्तर मिळालं नाही, तर पुडी तिथेच ठेवून घरी या.